‘सौजन्य : सोशल मीडिया’ हे कोणाचं नाव?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मीम्सवर पानभर मजकूर आला आणि पुढच्या आठवड्यात त्यावर वाचकांची दोन पत्रंही आली. एका गृहस्थांच्या मते मीम ही कलेची विटंबना आहे. दुसऱ्यांचं म्हणणं असं की पोरांचा टाइमपास तो, त्यावर एवढी शाई कशाला घालवायची? दोघांशीही मला वाद घालायचा आहे, पण पहिली तक्रार आपल्याबद्दल. त्या पानावर आपण पाच चित्रं छापली होती. तिरक्या नजरेने बघणारा कुत्रा, मैत्रिणीचा हात धरून दुसरीकडेच वळून बघणारा प्रियकर, एक हिरवा बेडूक, मूठ आवळलेलं तान्हं पोर आणि कसनुसं हसणारे पांढऱ्या दाढीचे आजोबा. पाचही चित्रांखाली ओळ एकच : ‘सौजन्य : सोशल मीडिया’.

मी नोकरीची सगळी वर्षं छापखान्याच्या प्रोसेस विभागात रिटचिंग केलं. निगेटिव्हवरचे ओरखडे भरायचे, चेहऱ्यावरची नको ती सावली उतरवायची, धूसर कड उठावदार करायची, हे माझं काम. आमचे विभागप्रमुख एका बाबतीत फार कडक होते. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने छायाचित्रकाराचं नाव नसेल तर ते तो फोटो कॅमेऱ्याखाली घेऊच देत नसत. बातमी थांबो नाहीतर पान उशिरा जावो. तेव्हा ‘सौजन्य : सोशल मीडिया’ वाचून माझं डोकं का फिरलं हे आपल्या लक्षात येईल. सोशल मीडिया नावाच्या कोणा इसमाने आजवर एकही चित्र काढलेलं नाही.

कुत्र्यापासून सुरुवात करते. तो कुत्रा नव्हे, कुत्री. तिचं नाव काबोसू. जपानमधल्या बालवाडीच्या शिक्षिका आत्सुको सातो यांनी तिचा घरी काढलेला फोटो २०१० साली आपल्या ब्लॉगवर टाकला होता. वळून बघणारा प्रियकर म्हणजे अँटोनियो गियेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ साली मॉडेल्स घेऊन काढलेला, जाहिरातवाल्यांना विकत घेता येणारा फोटो. बेडूक मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराचा. तान्ह्या पोराच्या मुठीत समुद्रकिनाऱ्याची वाळू आहे आणि २००७ साली कॅमेरा त्याच्या आईच्या हातात होता. ते आजोबा हंगेरीचे आंद्राश आराटो, पेशाने विद्युत अभियंते. हे सगळं शोधायला मला काही फार खटपट करावी लागली नाही. फोनवर चित्र देऊन त्याचं मूळ शोधायची सोय असते, ती वापरली. ती आपल्या कार्यालयातही असणार.

एका मीमला निदान तीन धनी असतात. ज्याने मूळ चित्र काढलं तो एक, ज्याने त्यावर ओळ लिहिली तो दुसरा, आणि ज्याचा चेहरा त्यात आहे तो तिसरा. आपल्या त्या एका ओळीने तिघांनाही निकालात काढलं. मीम ही कला आहे की नाही, आणि समाजात तिचं वजन किती, हे दोन्ही प्रश्न या तिघांना बाजूला ठेवून सुटत नाहीत असं माझं मत आहे.

आता विटंबनावाल्या गृहस्थांकडे येते. त्यांनी इंग्रजीतलं एखादं जुनं मीम घेऊन नीट पाहावं. जाड, एकमेकांना खेटून उभी असलेली पांढरी अक्षरं आणि भोवती काळी कड. त्या टाइपाचं नाव इम्पॅक्ट. जेफ्री ली यांनी तो १९६५ साली शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप फाउंड्रीसाठी केला, म्हणजे चक्क शिशाच्या खिळ्यांचा, सुट्या धातूच्या अक्षरांनी छापायचा जमाना. पुढे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी फुकट दिलेल्या फॉन्टच्या संचात तो आला आणि घरोघरच्या संगणकांत जाऊन बसला. जो टाइप सगळ्यांकडे होता तोच सगळ्यांनी उचलला. पण काळी कड कशासाठी? खाली पांढरं आभाळ असो की काळोखी खोली, अक्षर वाचता आलंच पाहिजे, यासाठी. फोटोवर मथळा चढवायचा असला की आमच्यापुढे हाच पेच असायचा. अक्षराखालचा भाग ब्रशने गडद करून घ्यावा लागे, नाहीतर मथळ्याचा अर्धा शब्द कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यात हरवायचा. कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या मुलांनी हा पेच एका रेघेत सोडवला.

मराठी मीम्सना ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्या पानाच्या लेखकाच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. कड जाड केली की अनुस्वार बुजतो, दोन मात्रांची एक होते, आणि ‘तू’चा ‘तु’ वाचला जातो. म्हणून चांगली मराठी मीम्स करणारी मुलं बहुधा अक्षरांना कड देतच नाहीत. ती चित्राच्या वर पांढरी पट्टी जोडतात आणि त्यात काळ्या अक्षरांत ओळ लिहितात. चित्राला हात लागत नाही, उकाराला जागा मिळते. पट्टीची ही रीत जगभर आहे, पण आपल्या लिपीला ती विशेष मानवली आहे. वर्तमानपत्राच्या मांडणीत उमेदवारी करणाऱ्याला हे शिकायला बरेच महिने लागत.

माझी भाची अशी मीम्स करते. एकदा मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. विषय साधा होता : घरी निघायच्या वेळेला ‘जरा दोन मिनिटं’ म्हणून थांबवून घेणारा साहेब. चित्र त्या आराटो आजोबांचंच, कॉफीचा कप हातात धरून हसणारे. तिने पहिली ओळ लिहिली : ‘जेव्हा साहेब म्हणतात फक्त दोन मिनिटं बोलायचंय आणि तुम्ही हसून हो म्हणता’. वाचली आणि खोडली. मग ‘तुम्ही हसून हो म्हणता’ एवढं कापलं. मग उद्गारचिन्ह टाकलं, ते काढलं. शेवटी पट्टीत एवढंच राहिलं : ‘“दोनच मिनिटं” : तास पहिला’. मी म्हटलं, अगं, साहेब कोण, तो हसतोय का, हे काहीच नाही यात. ती म्हणाली, “मावशी, चेहरा बोलतोय ना, मग मी कशाला बोलू?” त्यानंतर तिने चित्र डावीकडून थोडं कापलं, आजोबांचे डोळे बरोबर ओळीच्या खाली आणले, आणि खालची रिकामी जागा तशीच ठेवली. मी विचारलं, ही का ठेवलीस? तर म्हणे, हसू यायला जागा लागते. अहो, व्यंगचित्रकारांची चित्रं मी हाताळलेली आहेत. पांढऱ्या जागेची ही जाण त्यांच्यातल्याही सगळ्यांना नव्हती.

भाचीने हेही सांगितलं की ओळ तिची असली तरी ‘दुखणं लपवून हसणारा माणूस’ हा त्या चित्राचा अर्थ तिने ठरवलेला नाही. तो आधीच्या असंख्य लोकांनी घडवला, तिने फक्त त्यात एक प्रसंग बसवला. संगीतात ठरलेल्या रागात गायक आपली जागा शोधतो, त्यातला हा प्रकार. तो अर्थ ज्याला ठाऊक नाही त्याला मीम कळत नाही आणि तो म्हणतो, यात काय कला? राग ओळखता न येणाऱ्याला दोन गायकांतला फरकही कळत नाही, पण म्हणून कोणी गाण्याला विटंबना म्हणत नाही.

दुसऱ्याचं चित्र घेतात म्हणून ती कला नाही, हा आक्षेप तर फारच शिळा झाला. फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँने १९१९ साली मोनालिसाच्या एका पोस्टकार्डावर मिशा आणि बोकडदाढी काढली, खाली आचरट अक्षरं लिहिली, आणि आज ते कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मला त्याच्यापेक्षा जर्मन कलाकार जॉन हार्टफील्ड जास्त जवळचा, कारण त्याचं काम आमच्याच धंद्यातलं. कात्री, गोंद, इतरांनी काढलेले फोटो आणि रिटचिंग. जर्मनीतल्या एका कामगार साप्ताहिकात १९३२ साली त्याने भाषण ठोकणारा हिटलर छापला, छातीचा एक्स-रे काढल्यासारखा, आणि पाठीच्या कण्याच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चळत. खाली ओळ अशी की हा सोनं गिळतो आणि पत्रा बडबडतो; जर्मनमध्ये पत्रा बोलणं म्हणजे बरळणं. चित्र दुसऱ्याचं, ओळ आपली, अर्थ तिसराच. दुसऱ्या वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि हार्टफील्डला बर्लिन सोडून प्राग गाठावं लागलं. फक्त एक फरक लक्षात घ्या. त्याने त्याखाली स्वतःचं नाव घातलं होतं.

झिजलेल्या मीम्सबद्दल दोन शब्द, कारण हा माझा आवडता विषय. छापून आलेल्या चित्रावरून पुन्हा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायची वेळ आली की आमच्या विभागात सगळे कपाळाला हात लावायचे. ठिपक्यांवर ठिपके चढतात आणि चेहऱ्यावर जाळी उमटते. फोनमधल्या चित्राची झीज वेगळ्या रीतीने होते. जेपीईजी पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला चटकन न जाणवणारा तपशील टाकून देतात. एकदा केलं तर कळतही नाही. पण कोणी पाठवलं, कोणी स्क्रीनशॉट काढला, कोणी कडा कापून पुन्हा पाठवलं, की दर वेळी काही ना काही गळतं. अक्षरांच्या भोवती राखाडी कचरा जमतो, कातडीचा रंग मळतो, चौकोन दिसू लागतात. जाणती माणसं त्यावरून ओळखतात की हे चित्र बरंच फिरून आलेलं आहे. मुलांनी याचीही गंमत केली. रंग भडक करायचे, कडा फोडायच्या, चित्र जाळून जाळून डोळे दिपतील इतकं विद्रूप करायचं; याला ती ‘डीप फ्राइड’ म्हणतात. आमच्याकडून असा ब्लॉक गेला असता तर मशीन विभागाने तो आमच्याच टेबलावर आपटला असता. मला मात्र हा प्रकार मनापासून आवडतो. माध्यमाचा दोष हाच अलंकार करायचा, हे धाडस शिकवून येत नाही.

हे सगळं म्हणताना प्रत्येक मीम कला आहे असा माझा दावा नाही. बहुतेक मीम्स टाकाऊ असतात. बहुतेक कविताही असतात. संग्रहालयांनी मात्र या प्रांतात पाऊल टाकलेलं आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली जपानी मोबाइल फोनसाठी केलेले १७६ इमोजी आपल्या संग्रहात घेतले. बारा बाय बारा ठिपक्यांत एक एक चित्र. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ मध्ये इंटरनेटवरच्या लोकसंस्कृतीचा संग्रह खुला केला, त्यात मीम्सची नोंद ठेवणारी संकेतस्थळंही आहेत. तिथे ते काम लोककलांचा विभाग बघतो, आणि ही मीमची जागा मला योग्य वाटते.

आता ‘पोरांचा टाइमपास’. आपल्या पानावरच्या बेडकाची गोष्ट त्या वाचकांनी शांतपणे वाचावी. फ्युरी यांनी २००५ च्या सुमारास तो एका विनोदी चित्रमालिकेत काढला. नाव पेपे. चार मित्र एका घरात राहतात, हा त्यातला एक, निवांत आणि आळशी. लोकांनी त्याचा चेहरा उचलला. उदास पेपे, खवचट पेपे, रडका पेपे असे त्याचे चेहरे झाले, आणि बराच काळ ते निरुपद्रवी होतं. मग वंशद्वेष पसरवणाऱ्या टोळक्यांनी त्याला गणवेश चढवले. सप्टेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या धामधुमीत, अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने त्याची नोंद द्वेषचिन्हांच्या यादीत केली; सगळेच पेपे द्वेषाचे नसतात हेही सोबत लिहिलं, पण तेवढं कोण वाचतो? २०१७ मध्ये फ्युरी यांनी आपल्याच बेडकाला शवपेटीत झोपवलेलं चित्र काढलं. तरीही तो मरेना. शेवटी ते कोर्टात गेले. पेपेचं पोस्टर विकणाऱ्या ‘इन्फोवॉर्स’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१९ मध्ये १५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. आणि त्याच वर्षी हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी उतरलेली तरुण मुलं तोच बेडूक फलकांवर आणि भिंतींवर काढत होती. अमेरिकेत त्याला चिकटलेला डाग तिथे बहुतेकांच्या गावीही नव्हता. एकाच चित्राला एकाच वेळी दोन टोकांचे अर्थ. राजकीय पक्षांची चिन्हंसुद्धा इतक्या वेगाने कूस बदलत नाहीत.

आपण हा बेडूक फक्त ‘गमतीदार’ म्हणून छापलात. त्या पाच चित्रांत सगळ्यात जास्त गरज फोटोओळीची त्यालाच होती.

काबोसूचा प्रवास तर कोणी कथेत लिहिला असता तर संपादकाने परत पाठवला असता. तिच्या फोटोवर रंगीबेरंगी मोडक्या इंग्रजीतले शब्द टाकायची लाट २०१३ मध्ये आली. त्याच वर्षी दोन संगणक अभियंत्यांनी थट्टा म्हणून त्या मीमच्या ‘डोज’ या नावावरून ‘डोजकॉइन’ हे डिजिटल चलन काढलं. थट्टेत लोकांनी खरे पैसे घातले आणि खरे गमावलेही. २०२१ मध्ये त्या फोटोची डिजिटल मालकी सुमारे ४० लाख डॉलरला गेली. २०२२ पासून युक्रेनच्या बाजूने रशियन प्रचाराची ऑनलाइन खिल्ली उडवणाऱ्यांनी त्याच जातीच्या कुत्र्याचं व्यंगचित्र आपला शिक्का केलं. काबोसू मे २०२४ मध्ये गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने खर्चकपातीसाठी जो विभाग काढला, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं मुद्दाम ‘डोज’ अशी जुळवून तेच मीम पुढे आणलं, आणि त्या नावाखाली खऱ्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. बालवाडीच्या बाईंनी सोफ्यावरच्या कुत्रीचा फोटो काढला तेव्हा त्यांच्या मनात यातलं काय असणार?

आता मला स्वतःच्याच म्हणण्याला एक मुरड घालायला हवी. नाव छापा, नाव छापा, असं मी म्हणते आहे, पण दुसऱ्या धन्याचं, म्हणजे ओळ लिहिणाऱ्याचं नाव कधी कधी झाकलेलंच बरं. २०१३ मध्ये शी जिनपिंग आणि ओबामा शेजारी शेजारी चालतानाच्या फोटोला कोणीतरी विनी द पू हे अस्वल आणि त्याचा वाघ मित्र यांचं चित्र जोडलं. देहयष्टी इतकी जुळत होती की वेगळी ओळ लिहायची गरजच पडली नाही. चीनच्या सेन्सॉरने त्या अस्वलाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. ते चित्र पहिल्यांदा जोडणाऱ्याचं नाव कोणी छापलं असतं तर तो आज कुठे असता? नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्याच शहरांत लोक निषेध म्हणून कोऱ्या कागदाचे ताव हातात धरून उभे राहिले. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ते पुसायचं कसं? तोही मीमच होता, आणि त्यातला दुसरा धनी म्हणजे रस्त्यावरचा जो तो. अशा ठिकाणी अनामिकपणा हीच ढाल. सत्तेची टर उडवणाऱ्याने नाव लपवलं तर मी त्याच्या बाजूची. शेजारणीच्या मुलीचा फोटो टाकून तिची टर उडवणाऱ्याने नाव लपवलं तर तो भेकड. दोघांना एकाच मापाने मोजायचं नसतं.

आणि तिसरा धनी. याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण जन्मभर मी चेहऱ्यांवरच काम केलं.

कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने २००२ साली शाळेच्या स्टुडिओत एकट्यानेच, गोल्फचा चेंडू उचलायची काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःचा व्हिडिओ काढला. वयात येणारी सगळीच मुलं आरशासमोर असलं काहीतरी करतात. पुढच्या वर्षी शाळासोबत्यांच्या हाती ती टेप लागली आणि त्यांनी ती इंटरनेटवर टाकली. जग हसलं. कोणी पाठीमागे संगीत जोडलं, कोणी काठीला चमक दिली. तांत्रिकदृष्ट्या त्यातली काही कामं उत्तम होती, हे मी रिटचिंगवाली म्हणून मान्य करते. त्या मुलाला शाळा सोडावी लागली. कुटुंबाने सोबत्यांच्या पालकांवर दावा लावला, तो २००६ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. मुलगा सावरला, कायदा शिकला, मोठेपणी स्वतःहून यावर बोलला. पण वीस वर्षांपूर्वी ज्यांनी ती फाईल पुढे ढकलली त्यांतल्या एकालाही आपण काही केलं असं वाटलं नसणार. पुढे ढकलणं हे काही करणं आहे असं वाटतच नाही, यातच मीमची सगळी ताकद आहे आणि सगळा धोकाही.

आराटो यांचं नशीब बरं. त्यांनी फोटो विक्रीला द्यायला होकार दिला होता, पण आपला चेहरा जगभर ‘दुखणं लपवणारा’ म्हणून फिरतोय हे त्यांना स्वतःचं चित्र शोधताना कळलं. आधी हादरले, सगळं काढून टाकता येईल का असा विचार केला, मग ते शक्य नाही हे बघून त्याच ओळखीचा हसत स्वीकार केला. आता ते त्यावर व्याख्यानं देतात. सगळ्यांना तेवढा मोठेपणा जमत नाही आणि तो कोणाकडून मागायचा हक्कही आपल्याला नाही. वाळूच्या मुठीचं पोर मोठं झालं तेव्हा त्याच्या वडिलांना मूत्रपिंड बदलायची गरज होती. २०१५ मध्ये त्याच चित्राच्या ओळखीवर लोकांनी वर्गणी काढली. तीच आई पुढे, एका अमेरिकी राजकारण्याच्या प्रचाराने परवानगी न घेता मुलाचं चित्र निधी मागायला वापरलं म्हणून कोर्टात गेली. ज्यूरीने २०२२ मध्ये तिला भरपाई दिली ७५० डॉलर, आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. रकमेला हसू नका. लेकराचा चेहरा कोणाच्या प्रचाराला लागावा हे मी ठरवीन, एवढंच त्या बाईला लिहून हवं होतं.

कायद्याच्या फंदात मी फार पडत नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये कॉपीराइटचा नवा नियम केला तेव्हा ‘आता मीम्स मेली’ अशी ओरड झाली होती. प्रत्यक्षात त्यात विडंबन, व्यंग आणि टीका यांना मोकळीक आहे. माझ्या मते तेच बरोबर. थट्टा करणाऱ्याकडून आधी परवानगीचा कागद मागितला तर थट्टाच उरणार नाही. पण वर्तमानपत्र थट्टा करत नसतं. आपण ते चित्र नमुना म्हणून छापता, त्यावर लेखकाला मानधन देता, शेजारी जाहिरात लावता. तेव्हा आपली जबाबदारी माझ्या भाचीपेक्षा मोठी.

म्हणून मागणी अशी. यापुढे मीम छापाल तेव्हा खाली चित्राचा धनी लिहा : ‘मूळ छायाचित्र : अँटोनियो गियेम, २०१५’. ओळ कोणाची ते ठाऊक असेल आणि त्याची हरकत नसेल तर तेही लिहा. नसेल ठाऊक तर ‘ओळ : अज्ञात’ लिहायला लाजू नका, जुन्या ओव्यांच्या संग्रहांतही तसंच लिहितात. मूळ सापडत नसेल तर ‘मूळ शोधूनही सापडलं नाही’ असं छापा, म्हणजे निदान शोधलं तरी जाईल. आणि चेहरा कोणा साध्यासुध्या माणसाचा किंवा लहान मुलाचा असेल, त्याने होकार दिल्याचं कुठे दिसत नसेल, तर ते चित्र कितीही गाजलेलं असो, छापू नका. त्याचं शब्दांत वर्णन करा. आपल्याकडे चांगले लिहिणारे आहेत.

हल्ली यंत्राकडून करवून घेतलेले चेहरेही येऊ लागले आहेत, जे कोणाचेच नाहीत आणि तरी कोणासारखे तरी दिसतात. त्याखाली ‘संगणकनिर्मित’ एवढं तरी लिहावं. त्या विषयाला वेगळं पत्र लागेल, आज तो वाढवत नाही.

त्या रविवारच्या पाच चित्रांच्या फोटोओळी मी सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे. पुढच्या अंकात शुद्धिपत्रासोबत त्या घ्याव्यात. एक स्तंभ रुंदी आणि नेहमीचा फोटोओळीचा टाइप धरला तर प्रत्येक फोटोओळ दोन ओळींत बसते. मी मांडून पाहिली आहे. जागा कमी पडली तर इतर चारांची वर्षं काढा, पण बेडकाची ओळ पूर्ण छापा.

आपली,
प्रोसेस विभागातून निवृत्त झालेली एक वाचक